खासबागेत, सगळ्यात वरच्या टोकाला

कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. रिक्षावाल्याला म्हटलं, "केशवराव भोसले."

"पाव्हणं, जळालंय की ते!"

"तेच बघायचंय."

त्यानं आरशातून एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खासबाग येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती! शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे पॅलेस थिएटर 1915 मध्ये उघडलं. केशवरावांचं नाव नंतर लागलं. कॉलेजात असताना एका एकांकिकेसाठी मी इथं शेवटच्या रांगेत बसलो होतो. ऐनवेळी माईक बंद पडला, तरी एक शब्द निसटला नाही. दृष्टीच्या आड येणारा एक खांबसुद्धा नव्हता.

आता भोवती पत्रे. फटीतून डोकावलो. दर्शनी दगडी भाग तगलाय. छप्पर, रंगमंच, खुर्च्या त्या रात्रीच गेल्या. "आत सोडायला परवानगी न्हाई," वॉचमन म्हणाला, आणि त्याचंही बरोबरच होतं. नव्या इमारतीत एसी येईल, चांगले दिवे येतील. आगीवर पाणी फवारणारी यंत्रणा तर हवीच हवी. मला घोर आहे तो आवाजाचा. तो परत कसा बांधणार?

नाट्यगृहाची पाठ खासबाग मैदानाला लागून आहे. एकीकडं नाटक, दुसरीकडं कुस्ती, मध्ये भिंत. हा शेजार महाराजांनाच सुचावा. 1902 मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं आणि खासबागेची कल्पना तिथून घेतली, असं सांगतात. बांधकाम 1912 मध्ये पुरं झालं. मध्ये हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, भोवती गोलाकार चढ. पुढच्याचा पटका मागच्याच्या डोळ्यांआड यायला नको, एवढं सांभाळलं की हजारो माणसं एका वेळी एकच डाव बघू शकतात. आजची इनडोअर स्टेडियमं हेच गणित संगणकावर मांडतात. वर छप्पर घालतात आणि आवाज घुमतो म्हणून पुन्हा लाखो रुपये खर्चतात, ते वेगळं.

मी चढावर पार वरच्या टोकाला जाऊन बसलो. खाली एक पोरगा दुसऱ्याला पट काढायचा डाव दाखवत होता. "पाय आधी न्हाई रं, कंबर आधी." ओरडून नव्हे, साध्या बोलण्यात. मला वर स्वच्छ ऐकू आलं.

त्यांचं लक्ष गेलं. "काका, खाली या की!"

चपला काढून हौद्याच्या कडेला उकिडवा बसलो. मूठभर तांबडी माती हातात घेतली. मऊ, किंचित तेलकट. हळद, ताक, लिंबू, तेल, काय काय मुरलेलं असतं तिच्यात! पोरानं लगेच दरडावलं, "परत टाका तिथंच. न्यायची नसती."

टाकली. तळव्याला लागलेली तेवढी मात्र गेली माझ्याबरोबर.