खाडीच्या चिखलावर कंटेनर यार्ड

न्हावा-शेव्याच्या परिसरात, जिथे 1989 मध्ये बंदर सुरू झाले, भरतीच्या पट्ट्यात बोअर घेतले की नळीतून करडा-काळा, बोटाने सहज दबणारा चिखल वर येतो. त्यावर भरलेला कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर फिरणार असते आणि त्याच्या एकट्या पुढच्या आसावर सुमारे 100 टन भार येतो. अशा ठिकाणी वरची फरसबंदी जाड करत बसणे मला व्यर्थ वाटते, कारण दुखणे खाली, चिकणमातीत अडकलेल्या पाण्यात असते.

म्हणून साधारण 100 मिलिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या निचरा-पट्ट्या मीटर-सव्वा मीटर अंतरावर उभ्या खुपसतात आणि वर वाळूचा थर देऊन मुरमाचा तात्पुरता भराव रचतात; त्याच्या वजनाने मातीतले पाणी दाबले जाऊन पट्ट्यांतून वर वाळूत येते. पाण्याला बाहेर पडण्यासाठी कापावे लागणारे अंतर निम्मे झाले की लागणारा वेळ चौथाईवर येतो, त्यामुळे वर्षानुवर्षांचे खचणे काही महिन्यांत उरकते. (पट्टीच्या तोंडाशी वाळू ओली दिसली की जीव भांड्यात पडतो!)

एका यार्डात आम्ही घाईने भराव लवकर काढला. पहिल्याच पावसाळ्यानंतर पेव्हर ब्लॉकमध्ये चाकोऱ्या पडल्या आणि त्यांत पाणी साचले. जमीन किती खचली ते मोजणाऱ्या खचाव-पट्टीवरचा आलेख तेव्हा सपाट झालेलाच नव्हता, म्हणजे खचणे अजून चालूच होते.