कस्टम इव्हेंट वर का पोचत नव्हता
परळच्या आमच्या काकू घरगुती डबे देतात, त्यांच्यासाठी ऑर्डरचं वेबपेज जावास्क्रिप्टमधे बनवतोय आणि दोन रात्री एकाच गोष्टीवर अडकलेलो. बटण दाबलं की मी न्यू कस्टमइव्हेंट करून 'डबा-वाढला' असा इव्हेंट (म्हणजे 'असं असं घडलं' हा आपणच बनवलेला इशारा) त्या बटणावरच डिस्पॅचइव्हेंटने सोडायचो, आणि लिसनर (तो इशारा ऐकून चालणारा कोड) बसवलेला पार वर डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पेजवर, तर डब्यांचा वरचा आकडा हलेचना. क्लिक कसा आपोआप वर चढतो, तसाच हाही चढेल असं मी धरून चाललेलो. काल दादरहून डोंबिवली फास्टमधे उभ्या उभ्या मोबाईलवर डॉक्युमेंटेशन वाचलं तेव्हा कळलं, आपण बनवलेल्या इव्हेंटचं बबल्स, म्हणजे वर चढायची सेटिंग, मुळात फॉल्स असतं, ट्रू आपणच करायचं. केलं, आणि चाललं की राव! कुठला डबा, किती नग, हे सगळं डिटेलमधे घालून पाठवतो, लिसनरमधे इव्हेंट डॉट डिटेल वाचायचं.

अजून एक, डिस्पॅचइव्हेंट सिंक्रोनस असतं, म्हणजे सगळे लिसनर चालून झाल्यावरच पुढची ओळ चालते. मला हे फार आवडलं, कारण कॅन्सलेबल (इव्हेंट रद्द करता येण्याची सेटिंग) ट्रू ठेवलं आणि कुठल्या लिसनरने प्रिव्हेंटडीफॉल्ट करून तो रद्द केला तर डिस्पॅचइव्हेंटकडून तिथल्या तिथे फॉल्स परत मिळतं, मग डबे संपलेत असं लगेच दाखवता येतं.