हूमेनचे हौद

रेडिमेड कपड्यांच्या खरेदीसाठी माझं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जाणं-येणं असतं. त्या दिवशी हूमेनमध्ये जॅकेटांचा लॉट तपासायचा होता, पण कापडच उशिरा आलं आणि शिलाई संध्याकाळवर गेली. कारखान्याच्या मर्चंडायझर बाई म्हणाल्या, "नुसतं बसून काय करणार? अफूयुद्धाचं संग्रहालय बघून येऊ."

शाळेत हे युद्ध आम्ही दोन ओळींत उरकलं होतं. इथे प्रत्यक्ष हौदच समोर होते. १८३९च्या मार्चमध्ये शाही आयुक्त लिन झेश्यू कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, आला. त्याने परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींत कोंडलं आणि २०,००० हून जास्त पेट्या अफू काढून घेतली. जाळली असती तर तिचा अंश जमिनीत उतरला असता आणि लोकांनी मातीच उकरून नेली असती. म्हणून खाडीकाठी हौद खणले. पाण्यात मीठ, त्यात फोडलेले गोळे, वरून चुना. मजुरांनी ढवळायचं आणि ओहोटीला दार उघडून सगळं समुद्रात सोडायचं. जवळपास तीन आठवडे हे चाललं. बाहेर पडणाऱ्या मजुरांची झडती होई. बघायला परदेशी पाहुणेही आले होते. आणि एवढा कडक अधिकारी, पण त्याने आधी समुद्रदेवतेची पूजा करून क्षमा मागितली, जलचरांना तेवढे दिवस लांब ने म्हणून! मला तर तो तिथेच आवडून गेला.

"यातली बरीच अफू तुमच्या मुंबईहून आलेली," बाई म्हणाल्या. खरंच होतं. माळव्यातली अफू मुंबई बंदरात यायची आणि तिथून चीनला जायची. या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय गब्बर झाले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आम्ही रोज बघतो, असं मी सांगितलं. मला वाटलं, बाई काही लागट बोलतील. त्या म्हणाल्या, "किनाऱ्यावर उतरवून घेणारे आणि हप्ते खाणारे आमचेच होते की."

चीन तेव्हा झोपला होता, असं आपण सहज म्हणतो. पण लिन परदेशी वर्तमानपत्रं आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातले उतारे भाषांतर करवून वाचत होता. त्याने जमवलेल्या माहितीवरून वेई युआन या विद्वानाने परदेशांविषयी मोठा ग्रंथ रचला. दरबाराने मात्र लिनलाच दूर इलीला हद्दपार केलं. शांघायचा जियांगनान शस्त्रकारखाना उभा राहायला १८६५ उजाडलं, तोवर दुसरं अफूयुद्धही हरून झालं होतं.

पहिलं अफूयुद्ध चीन ब्रिटनकडून हरला आणि १८४२च्या नानजिंग तहात त्याच्यावर २ कोटी १० लाख डॉलर बसले. त्यातले ६० लाख निव्वळ त्या बुडवलेल्या अफूचे. सवयीने मी फोनवर भागाकार केला. पेटीमागे साधारण ३०० डॉलर.

बाईंनी आकडा पाहिला. म्हणाल्या, "तेव्हा भाव तुम्ही लावलात आणि आम्ही मुकाट दिला. जॅकेटमागे मी अर्धा डॉलर वाढवून मागते, तर तुम्ही आठवडाभर मेल लिहिता."

पाव डॉलर वाढवून दिला.