गवताच्या चौकटी : ऑक्टोबरची नोंद

बेत साधा होता. नाशिक जिल्ह्यातल्या अंजनेरी, सिन्नर, ममदापूर, तिन्हीकडे मीटरभराची पीव्हीसी पाइपची चौकट टाकायची, आतलं गवत ओळखायचं आणि पावसाप्रमाणे ते कसं बदलतं ते पाहायचं. इगतपुरीकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, ममदापूर ज्या भागात येतं त्या येवल्याकडे ५००च्या आगेमागे; म्हणजे उत्तर पावसातच असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

ते सिन्नरच्या एकाच टेकडीने मोडलं. पाऊस तोच, उतार तोच. माथ्यावरच्या उघड्या मुरमात कुसळी आणि थोडं डोंगरी नावाचं गवत. मध्यावर, जिथे वीतभर माती साठलीय, तिथे शेडा गवत. खाली ओहोळाकाठच्या काळ्या मातीत मारवेल गवत, अगदी जाड गालिचा. वरचा मुरूम पाऊस थांबताच कोरडा पडतो, खालची काळी माती ओल धरून ठेवते. गवताला आभाळातून किती पडलं यापेक्षा मुळांशी किती उरलं हे महत्त्वाचं.

मग एक कोडं. मध्यावरच एका सपाटीला ना शेडा ना मारवेल. नुसती हरळी आणि टाकळा. माती तर चांगली खोल होती! मेंढ्या घेऊन आलेल्या धनगरबाबांना विचारलं. ते हसले. "दादा, हितं आमचा वाडा बसतो ना." वाडा म्हणजे मेंढ्यांसकटचा मुक्काम. लेंडीखत, तुडवण आणि रोजची चराई, हरळी जमिनीला चिकटून तगते, टाकळ्याला मेंढ्या तोंड लावत नाहीत. कुसळीबद्दल म्हणाले, "कवळी हाय तवर चारायची. मागनं कुसळ लोकरीतून कातड्यात शिरतं." माझे मोजे याची साक्ष देतील. ओल लागली की कुसळाची पिळदार शेपटी उलगडत फिरते आणि बी मातीत रुतवते, तेच तंत्र मोज्यांवर!

कबुली: ऑगस्टच्या नोंदी बाद. फुलोऱ्याआधी मला गवतं वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून वहीत "गवत २", "गवत २ सारखं" असलं काहीतरी लिहिलंय. मारवेल तेवढं आता पेराभोवतीच्या पांढऱ्या केसांच्या कड्यावरून ओळखतो. अंजनेरीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, तर गवतापेक्षा सीतेची आसवं ही इवली फुलंच जास्त मोजली.

ममदापूर अजून राहिलंय. पुढच्या वेळी लोखंडी सळई नेणार, प्रत्येक चौकटीत मातीची खोली मोजायला. पुढची नोंद सिन्नरच्याच टेकडीच्या उत्तर उताराची असेल. तिकडे ऊन उशिरा पोचतं.