समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी

ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांतील कर्मचाऱ्यांना संग्रहांच्या डिजिटायझेशनचे प्रशिक्षण देताना पहिल्या सत्रात मी कोणालाही स्कॅनरला हात लावू देत नाही. त्या सत्रात फक्त मूळ वस्तू पाहायची असते: कागद कसा आहे, शाई कोणती आहे, बांधणी किती उघडते, कुठे काय चिकटवलेले आहे. हा वेळ वाया जातो, असे अनेक व्यवस्थापकांना वाटते. त्यांना मी एका अभिलेखागारात अनुभवलेला दिवस सांगतो.

तिथे काम आधीच सुरू झालेले होते. जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांची पाने एक तरुण तंत्रज्ञ मन लावून स्कॅन करत होता आणि दिवसाला किती पाने झाली, एवढाच हिशेब त्याच्याकडे मागितला जात होता. तपासणीच्या सरावासाठी मी त्याच्याच कामातील काही प्रतिमा पडद्यावर घेतल्या. पाने सरळ होती, अक्षरे रेखीव होती, रेझोल्यूशन ठरल्याप्रमाणे 300 पीपीआय (दर इंचाला 300 चित्रबिंदू) होते आणि पार्श्वभूमी स्वच्छ पांढरी होती. वर्गातील बहुतेकांनी त्या उत्तम ठरवल्या.

मागच्या रांगेत दुरुस्ती विभागातील एक ज्येष्ठ बाई बसल्या होत्या. संगणकाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता आणि आपल्याला इथे कशाला बोलावले, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून दिसत होता. एका पानाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे आहेत. ही वही मी स्वतः दुरुस्त केली आहे. ते आकडे इथे का दिसत नाहीत?"

वही मागवली. डाव्या समासात शिसपेन्सिलीने केलेल्या फिकट पण वाचता येण्याजोग्या नोंदी होत्या. वरच्या शाईतील रकमा कोणीतरी नंतर पडताळून पाहिल्याच्या त्या खुणा होत्या आणि काही ठिकाणी रक्कम दुरुस्तही केलेली होती. हिशेबाच्या वहीत याहून मोलाचे काय असू शकते? पडद्यावरच्या प्रतिमेत मात्र तो समास कोरा होता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. स्कॅनरच्या प्रणालीत पार्श्वभूमी आपोआप उजळण्याची सोय मुळातच चालू होती. आठ बिटांच्या प्रतिमेत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 असे 256 टप्पे असतात. पिवळसर कागद आणि त्यावरची फिकट पेन्सिल यांची मूल्ये या पट्टीच्या वरच्या टोकाला, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर पडतात. ठरावीक मर्यादेच्या वर असलेले सगळे 255 ला नेऊन ठेवले, की कागदाच्या डागांबरोबर पेन्सिलही पुसली जाते, आणि जाडसर काळी शाई उलट अधिक उठून दिसते. म्हणूनच ही प्रतिमा पाहणाऱ्याला संशय येत नाही. शिवाय तिथे फक्त जेपीईजी, म्हणजे आकार लहान करताना काही तपशील गाळणाऱ्या फाइल, ठेवल्या जात होत्या. प्रक्रिया न केलेली मूळ टिफ फाइल (तपशील न गाळता प्रतिमा साठवणारी) कुठेच नव्हती, त्यामुळे गेलेले परत मिळवण्याचा मार्गही उरला नव्हता.

वर्गात शांतता पसरली आणि सगळ्यांच्या नजरा त्या तंत्रज्ञाकडे वळल्या. मी तिथेच स्पष्ट सांगितले की दोष त्याचा नाही. यंत्र ज्या स्थितीत आले त्याच स्थितीत ते त्याच्या हाती दिले गेले होते आणि पानांत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. यंत्राने गुपचूप केलेली "सुधारणा" किती दूर जाऊ शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण 2013 सालचे आहे. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत 6 च्या जागी 8 असे आकडेच बदलत असल्याचे डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने तेव्हा उघड केले. फाइल लहान करताना सारखे दिसणारे आकार एकच मानले जात होते, आणि बदललेला आकडाही तितकाच ठळक छापला जात होता.

दुपारचे सत्र मी ठरल्यापेक्षा वेगळे घेतले. आपोआप होणाऱ्या सगळ्या दुरुस्त्या बंद केल्या, पानाशेजारी राखाडी छटांची आणि रंगांची पट्टी ठेवली आणि तेच पान पुन्हा टिपले. मग उजळण्याची सोय मुद्दाम चालू करून पुन्हा एकदा टिपले. दुसऱ्या प्रतिमेत पट्टीवरच्या सर्वांत फिकट छटा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. पट्टी पहिल्या दिवसापासून वापरली असती, तर वहीची काहीच माहिती नसलेल्या तपासनिसालाही हा बिघाड दिसला असता. आयएसओ 19264-1 सारखी आंतरराष्ट्रीय मानके अशा पट्टीवरूनच छटा, रंग आणि तीक्ष्णता मोजायला सांगतात, ती याचसाठी. मात्र पट्टीलाही मर्यादा आहेत. चिकटवलेल्या चिठ्ठीखालचा मजकूर राहून गेला, किंवा समोरून पडणाऱ्या प्रकाशात उठावाचा शिक्का सपाट दिसला, तर पट्टी काहीच सांगणार नाही. ते वस्तू हाताळलेला माणूसच सांगू शकतो.

बाईंनी मग एक एक वही काढून दाखवायला सुरुवात केली आणि तंत्रज्ञ त्यांच्या शेजारी बसून लिहून घेऊ लागला. कुठे पेन्सिल आहे, कुठे घडीचा नकाशा आहे, कोणता शिक्का एका बाजूने तिरपा प्रकाश टाकल्याशिवाय उमटत नाही, कोणत्या वहीची बांधणी पूर्ण उघडू नये. त्या कागदावरूनच पुढे प्रत्येक वहीसोबत स्कॅनरकडे जाणारा तक्ता तयार झाला. तपासनिसाने प्रतिमा या तक्त्याशी ताडून पाहायची, असे ठरले.

झालेल्या कामाचे काय, हा प्रश्न अवघड होता. सगळेच पुन्हा करणे त्या संस्थेला झेपणारे नव्हते, म्हणून बाईंच्या सांगण्यावरून पेन्सिलीच्या नोंदी असलेल्या वह्या आधी घेतल्या गेल्या. जुन्या फाइल काढून टाकायला मी विरोध केला, कारण त्यांचा वापर कोणीतरी आधीच केलेला असू शकतो. त्या वेगळ्या ठेवून, पार्श्वभूमी आपोआप उजळलेली आहे आणि मूळ प्रत पाहणे आवश्यक आहे, अशी नोंद प्रत्येकीच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत ठेवल्या जाणाऱ्या माहितीत, करण्याचे काम तंत्रज्ञाने त्याच संध्याकाळी हाती घेतले.