बुटका सोफा, मधला खांब आणि कागदी दारं

‘जपानी स्टाइल हॉल’ म्हणून जे फोटो फिरतात त्यात बांबू, बुद्धाची मूर्ती आणि तबकात मांडलेले गोटे हटकून असतात. इथे टोकियोजवळच्या सायतामात ज्यांच्याकडे आमचं जाणं-येणं आहे, त्यांच्या घरात यातलं एकही मला अजून दिसलेलं नाही. दिसतं ते असं: सामान कमी, आणि जे आहे ते जमिनीलगत.

आम्ही भाड्याने राहतो ते घर सत्तरच्या दशकातलं, लाकडी. मालकांनी मधल्या भिंती काढून सहा तातामींच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एकत्र केलं. (तातामी म्हणजे जमिनीवर बसवायचा गवताचा जाड तक्ता; खोली केवढी हे इथे तातामींच्या संख्येवरून सांगतात.) जाहिरातींत अशा खोलीला ‘एलडीके’ म्हणतात, म्हणजे बसणं, जेवणं, रांधणं एकाच ठिकाणी. भिंती गेल्या, पण एक खांब मधोमध उरला, कारण वरचा भार त्याच्यावर आहे. जून १९८१ पासून इथे भूकंपासाठीचे बांधकाम नियम कडक झाले. त्याआधीच्या घराला हात लावायचा तर आधी खांब आणि तिरके आधार तपासायचे, पडद्यांचा रंग मागाहून. आमचा खांब प्लायवूडने झाकला नाही, घासून तसाच ठेवला. त्याच्या अलीकडे सोफा, पलीकडे जेवणाचं टेबल. पार्टिशनचा खर्च वाचला!

आमचं छत जेमतेम आठ फुटांवर, तरी खोली बुटकी वाटत नाही. सोफ्याची बैठक फूटभर, टीव्हीचं कपाट त्याहून खाली, आणि पाहुणे बसतात झाबुतोनवर, म्हणजे आपल्या चौकोनी आसनासारख्या गादीवर. नजरच खाली आली की वरची भिंत मोकळी दिसते. भूकंपात उंच कपाट अंगावर येण्याची भीतीही राहत नाही.

खिडकीपाशी मालकांनी थोडी तातामी राखली आहे. तातामी म्हणजे चटई नव्हे. आत भाताच्या पेंढ्याचा दाबलेला थर, वर इगुसा गवताचं विणकाम, कडेला कापडी पट्टी, जाडी दोन इंच. माप गावागणिक बदलतं: टोकियोकडची साधारण १७६ बाय ८८ सेंटिमीटर, क्योतोकडची १९१ बाय ९५.५. त्यामुळे ‘सहा तातामींची खोली’ दोन्हीकडे सारखी नसते. जुनी खोली कधी नेमकी काटकोनात नसते, म्हणून कारागीर प्रत्येक तातामी तिच्या जागेप्रमाणे कापतो आणि कुठली कुठे जाईल याची खूण तिच्या पाठीवर करून ठेवतो. गवत पिवळं पडलं की आवरण उलटून खालची बाजू वर घेतात, पुढे कधीतरी फक्त आवरण नवं घालतात.

पण मला विचाराल तर खर्च करायचा तो शोजींवर, म्हणजे सरकत्या कागदी दारांवर. लाकडी चौकट आणि पांढरा कागद यांतून दुपारचं कडक ऊनही मऊ होऊन खोलीभर पसरतं. कुठलाही महागडा दिवा हे करत नाही. मालकीणबाई कागद बदलताना मी बघत बसते. जुन्या कागदावर ओला स्पंज फिरवला की तो अलगद सुटतो. मग पट्ट्यांना पातळ खळ, वर नवा कागद. तो सुरकुतलेलाच दिसतो, आणि मला दरवेळी वाटतं की बिघडलं. खळ वाळल्यावर मालकीणबाई फवाऱ्याने पाणी मारतात आणि कागद सुकता सुकता ढोलकीसारखा ताणला जातो. लहान मुलं असतील तर मात्र प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद घ्या, बोटं घुसत नाहीत.

तिकडे भारतात हॉल नवा करताना तातामी घालणार असाल, तर पावसाळ्याचा विचार आधी करा. इथेही जून-जुलैच्या पावसात तिला बुरशी धरते. वर गालिचा टाकला तर ओल कोंडून आणखीच. आता वळलेल्या कागदाच्या धाग्यांची तातामीही मिळते. ती बुरशीला सहज दाद देत नाही आणि तिचा रंगही लवकर उतरत नाही. तिला ताज्या गवताचा वास येत नाही, एवढंच.