कोरी दाखवणारी डिस्क कोरी नव्हती

घरी बनवलेली जुनी सीडी-डीव्हीडी लावली आणि कॉम्प्युटरनं कोरी दाखवली की लोक सरळ कचऱ्यात टाकतात. माझं कुडाळात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोणी नुसतं "डिस्क गेली होती, टाकून दिली" म्हटलं तरी जीव हळहळतो. ड्राइव्हला वाचता न येणं वेगळं आणि डिस्कवर काही नसणंच वेगळं. हे ज्या कामात मला सगळ्यात जास्त जाणवलं ते मागच्या पावसाळ्यातलं काम सांगतो.

भर आषाढात एक काकी स्टीलचा डबा पिशवीत घालून घेऊन आल्या. डब्यात हॅंडीकॅममध्ये लागायच्या त्या छोट्या, 8 सेंमीच्या डीव्हीडी होत्या, आणि खाली काही नेहमीच्या मोठ्या सीडी नि डीव्हीडी. काकींचे वडील दशावतारी नट, राजपार्ट म्हणजे राजाच्या भूमिका करायचे, वारून बरीच वर्षं झाली. मुंबईचा चुलतभाऊ 2007 च्या सुमारास जत्रेला आलेला तेव्हा त्यानं नाटक शूट केलं, डिस्क इथेच ठेवून गेला, नि कॅमेरा मात्र परत मुंबईला गेला. तो पुढे बिघडला नि भंगारात गेला.

"झील (मुलगा) म्हणता सगळी कोरी हत, टाकून दी," काकी म्हणाल्या, "पण बाबांचो आवाज हा रे त्यात. मी टाकू कशी?"

ज्यांना दशावतार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, त्यात नाटकाची लिहिलेली संहिता नसते, कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कोणता पार्ट करणार ते ठरतं, आणि मग देवळासमोर रात्रभर नट आपले संवाद स्वतः उभे करतो. उद्या तेच आख्यान लावलं तरी शब्द तेच येतील असं नाही. म्हणजे त्या माणसाची त्या रात्रीची भाषणं कुठल्या वहीत सापडणार नव्हती, असली तर या डब्यात असणार होती. त्यामुळे मी हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवलं.

आधी घरी काय काय केलं ते विचारून घेतलं. मुलानं लॅपटॉपला बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह लावून बघितलेलं, तो टक टक करायचा आणि मध्येच गायब व्हायचा. हा प्रकार पुष्कळदा डिस्कचा नसतोच. यूएसबी 2 च्या एका पोर्टमधून 500 मिलीअँपिअर मिळतात आणि पातळ ड्राइव्हला डिस्क फिरवायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागू शकतात, म्हणूनच जुन्या ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल यायची. ती केबल हरवलेली असते नि दोष डिस्कवर जातो. दुसऱ्या एका लॅपटॉपवर डिस्क लावल्यावर ही डिस्क कशी वापरायची आहे अशी खिडकी आली, तिथे मुलानं भिऊन कॅन्सल केलं. पोरगं शहाणं! त्या खिडकीत पुढे पुढे ओके करत गेलं की कॉम्प्युटर डिस्क फॉरमॅट करायला घेतो, आणि एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर नको ते लिहिलं गेलं तर ते पुसून टाकायची सोय नसते.

मग मी एक छोटी डिस्क कडेला धरून ट्यूबलाइटखाली तिरकी केली. हे सगळ्यात आधी करायचं असतं आणि याला पैसा लागत नाही. लेझरनं लिहिलेल्या भागाचा रंग न लिहिलेल्या भागापेक्षा थोडा वेगळा दिसतो, आणि डिस्क आतून बाहेर लिहिली जात असल्यामुळे जिथे लिहिणं थांबलं तिथे गोल रेघ दिसते. या डिस्कवर ती रेघ जवळजवळ बाहेरच्या कडेपाशी होती. काकींना दाखवलं, म्हटलं काकी, ही भरलेली आहे, कॉम्प्युटर काही म्हणू दे. त्यांनी डिस्क हातात घेऊन किती तरी वेळ ती रेघ बघितली.

मग कॉम्प्युटर कोरी का म्हणतो? कारण ती फायनलाइज केलेली नव्हती. हॅंडीकॅमच्या या डिस्कवर 1.4 जीबी बसतं, साध्या क्वालिटीत साधारण अर्धा तास, आणि शूटिंग संपल्यावर कॅमेऱ्याच्या मेन्यूत जाऊन फायनलाइज करावं लागतं, त्याला काही मिनिटं लागतात. तेव्हाच कॅमेरा डिस्कच्या सुरुवातीचा लीड-इन, शेवटचा लीड-आउट आणि कुठली फाइल कुठे आहे याची यादी लिहितो. जत्रेत रात्री दोन वाजता, पुढची डिस्क घालायची घाई, बॅटरी संपत आलेली, तिथे फायनलाइज कोण करत बसणार. कॅमेऱ्यात डिस्क छान चालते म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण कॅमेऱ्यानं आपली तात्पुरती नोंद डिस्कच्या अगदी आतल्या कडेला केलेली असते आणि ती त्याला वाचता येते. नुसतं वाचणारा ड्राइव्ह तिकडे बघतच नाही. घरावर नंबर नाही म्हणून पोस्टमन परत गेला याचा अर्थ घरात माणूस नाही असा होत नाही, तसंच आहे हे.

सरळ उपाय म्हणजे तोच कॅमेरा किंवा त्याच कंपनीचं जवळचं मॉडेल मिळवून त्यात डिस्क घालायची नि फायनलाइज करायचं. ते शक्य असेल तर आधी तेच करा. इथे तो रस्ता बंद होता, ओळखीच्या फोटोग्राफरांना फोन करून झाले, सगळ्यांचे कॅमेरे कधीच मेमरी कार्डावर गेलेले.

माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपचे डीव्हीडी रायटर आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे, मुद्दाम जपून ठेवलेले, कारण एक ड्राइव्ह जी डिस्क नाकारतो ती दुसरा मुकाट वाचतो हे अनेकदा होतं. प्रत्येकाचा लेझर, लेन्स, आतला प्रोग्रॅम वेगळा. शिवाय इथे रायटरच लागतो, कारण ती आतल्या कडेची नोंद तोच वाचतो. (8 सेंमीची डिस्क ट्रेच्या आतल्या खाचेत बसवायची असते, ज्या ड्राइव्हला ट्रे नाही नुसती फट आहे त्यात चुकूनही घालू नका, आत अडकते.) डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, कोकणात हे चालायचंच, ते साध्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा थेंब टाकून, मऊ कापसानं, मधून बाहेरच्या दिशेनं पुसले. गोल गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनंच जातो, सलग डेटा मारतो नि ड्राइव्हची चूक सुधारायची ताकद तिथे कमी पडते. आडवा ओरखडा त्या मानानं परवडतो.

पहिल्या रायटरनं कोरीच म्हटलं. दुसऱ्यात घातली, आयसोबस्टर हे डिस्कवरचा डेटा शोधून काढायचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि डाव्या बाजूला सेशन, म्हणजे एका खेपेला लिहिलेला भाग दिसला, त्याखाली ट्रॅक. फाइलींची नावं नव्हती, ती यादीच लिहिलेली नाही तर नावं कुठून येणार, पण सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाचले जात होते. तिथून व्हिडिओ शोधायला लावला नि एमपेग-2 या व्हिडिओ फॉरमॅटचा तुकडा बाहेर आला. काकी तोवर घरी गेलेल्या, मी एकटाच होतो दुकानात, बाहेर पाऊस नुसता ओतत होता. प्लेअरमध्ये लावला तर आधी देवळाचा मांड म्हणजे नाटकाची जागा, ट्यूबलाइटी, पोरांचा गलका, आणि मग पेटी नि मृदंग सुरू झाले. मी तसाच बसून पूर्ण डिस्क ऐकली. काम होतं म्हणून नव्हे, उठवेना म्हणून.

बाकीच्या छोट्या डिस्क बहुतेक याच रस्त्यानं निघाल्या. जिथे ड्राइव्ह अडखळत होता तिथे लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी काढायचा प्रोग्रॅम लावला. ते आधी जे पटकन वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं, आणि नंतर त्या सोडलेल्या जागांवर परत परत येतं. कुठलं वाचलं कुठलं राहिलं याची नोंद एका मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेले तुकडे भरता येतात. लाइट गेली तरी केलेलं काम वाया जात नाही, आणि आमच्याकडे पावसात लाइट जातेच. या डिस्कची सुरुवात वाचताना एरर येतात त्यानं घाबरायचं नाही, ती जागा कॅमेऱ्यानं नंतर यादी नि मेन्यू लिहायला राखून ठेवलेली असते, ती खरोखरच रिकामी असते. आणि डीव्हीडीत चूक सुधारायचा हिशोब 32 केबीच्या ठोकळ्यात चालतो, म्हणजे एक ठोकळा गेला तर या व्हिडिओत साधारण एका फ्रेमचा डेटा जातो, चित्र जरा वेळ चौकोनी चौकोनी होतं नि परत सुधारतं. तेवढं चालतं.

एक डिस्क मात्र कुठल्याच ड्राइव्हला धरवेना. कोणीतरी मधल्या भोकाभोवती खालच्या बाजूनं चिकटपट्टी लावलेली, बहुतेक नाव लिहायला, आणि मग ती खरवडून काढलेली. नेमकी आतली कड खराब, म्हणजे ती तात्पुरती नोंद जिथे असते तीच जागा. ड्राइव्ह डिस्क फिरवायचा, आत बघायचा, काही न सापडून सोडून द्यायचा. बाहेरचा सगळा भाग मात्र स्वच्छ होता आणि लिहिल्याची रेघ शेवटपर्यंत गेलेली. तीच डिस्क काकींना सगळ्यात जास्त हवी होती, कारण क्रमानं बघता तीच भीष्मप्रतिज्ञेच्या मुख्य प्रसंगाची असणार होती नि वडील त्यात भीष्म होते.

इथे अदलाबदल करावी लागली. एका जुन्या ड्राइव्हचं वरचं पत्र्याचं झाकण काढलं, तशाच जातीची पण नीट फायनलाइज केलेली, पूर्ण भरलेली छोटी डिस्क आत घातली, ड्राइव्हनं ती ओळखली, कुठून कुठवर डेटा आहे ते लक्षात ठेवलं. मग फिरणं पूर्ण थांबू दिलं आणि ट्रे न उघडता, बटण न दाबता, हातानं ती डिस्क उचलून तिच्या जागी काकींची ठेवली, वर दाबून धरणारी चकती परत बसवली. ट्रे उघडलाच नाही म्हणून ड्राइव्हला वाटतं अजून पहिलीच डिस्क आहे, तो नोंद शोधत बसत नाही, सांगितलेल्या सेक्टरवर थेट जातो. सगळ्या ड्राइव्हमध्ये हे जमत नाही, आणि उघड्या ड्राइव्हमध्ये लेझर चालू असतो त्यामुळे वाकून आत बघायचं नाही, डोळ्याला धोका आहे, घरी हौस म्हणून करू नका. डीडीरेस्क्यू सुरू केलं. सुरुवातीला एरर, एरर, एरर, आणि मग आकडा सरकायला लागला. तेव्हा मला जे वाटलं ते शब्दात नाही सांगता येणार.

काकींना बोलावलं, मुलगाही आला. स्पीकर मोठा केला. भीष्माचं भाषण सुरू झालं आणि दुसऱ्याच वाक्याला काकी उठून उभ्या राहिल्या.

"ह्योच! ह्योच तो आवाज! परत लाव रे, पयल्यापासून लाव."

लावलं. मुलानं आजोबांना नीट ऐकलेलंच नव्हतं, तो लहान होता, तो तोंडावर हात ठेवून ऐकत होता. अर्ध्या पानाचं वाक्य एका दमात, कुठे अडखळणं नाही, नि मृदंगवाल्याला बरोबर कुठे थाप द्यायची ते कळतंय. लिहून दिलेलं काही नाही हे लक्षात घेऊन ऐका म्हणजे काय चीज होती ते कळेल.

मोठ्या डिस्कचं थोडक्यात सांगतो. दोन डीव्हीडी घरच्याच कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारख्या वापरलेल्या, फाइली ओढून टाकायच्या पद्धतीनं, आणि सेशन बंद न करता काढलेल्या. त्या लिहिणाऱ्या कॉम्प्युटरवर चालतात नि दुसरीकडे कोऱ्या दिसतात, त्यातले फोटो आयसोबस्टरनं सहज निघाले. सीडींपैकी एक गेली ती गेलीच. सीडीचं प्लास्टिक 1.2 मिमी जाड असतं नि डेटा तळाशी नसतो, वर असतो, लेबलच्या बाजूच्या पातळ लॅकरच्या लगेच खाली. लोक खालची बाजू जपतात नि वरच्या बाजूवर बॉलपेननं दाबून लिहितात, स्टिकर लावतात. या सीडीवरचा स्टिकर ओल धरून सुटला आणि सोबत चंदेरी थर घेऊन आला, उजेडासमोर धरली तर आरपार दिसत होतं. खाली कितीही पॉलिश केलं, टूथपेस्ट घासली, तरी जिथे थरच नाही तिथून लेझर परत येणार कसा. डीव्हीडीत डेटा दोन 0.6 मिमीच्या चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती वरून तेवढी नाजूक नसते. त्या सीडीवर नाटकाआधी केलेल्या वडिलांच्या गप्पा होत्या म्हणे. मी काकींना स्पष्ट सांगितलं की हे निघणार नाही, कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तरी देऊ नका.

जे निघालं ते सगळं जसंच्या तसं, साइझ कमी न करता, एका हार्ड डिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर दिलं, दोन्ही वेगवेगळ्या घरात ठेवायला सांगितलं. मूळ डिस्कही परत दिल्या, कागदी पाकिटात न घालता प्लास्टिकच्या डबीत उभ्या ठेवायला सांगून.

यातून पुढे असं झालं की काकींनी मुंबईच्या त्या चुलतभावाला क्लिप पाठवली, आणि त्याचा मला फोन आला की अशाच आणखी छोट्या डिस्क माझ्या माळ्यावर आहेत, दुसऱ्या वर्षीच्या जत्रेच्या, मी त्या मागे लावून बघितल्या तर कोऱ्या दिसल्या. त्याला म्हटलं आता कुठल्याही कॉम्प्युटरला लावू नका, पुसूही नका, कडेला धरून डबीत भरा आणि गणपतीला येताना हातातल्या पिशवीतून घेऊन या, गाडीत सामानाखाली टाकू नका. तो म्हणाला, मांडीवर ठेवून आणतो.